थरथर थांबवायची गोळी

मला सगळे ठोक्या म्हणतात. ठोकर लागून चेपलेला गाडीचा पत्रा हातोडीने ठोकून जागेवर आणायचा, हे माझं काम. तेव्हा नाव काही खोटं नाही. माझं काम झालं की गाडी दाजींकडे जायची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. ते रंग मारायचे. बावीस वर्षं एकाच गॅरेजात, एकाच पत्र्याच्या छपराखाली आम्ही दोघं. दिवसभर माझी ठोकाठोक ऐकून शेजारचा टायरवाला शिव्या द्यायचा आणि संध्याकाळी दाजी त्याच्याशी गोड बोलून प्रकरण मिटवायचे.

मला त्यांच्याबद्दल सांगायचंय. सांगताना माझंही सांगावं लागेल. त्याला इलाज नाही.

दाजींचा हात म्हणजे काय होता, ते आधी ऐका. गाडीच्या बाजूने पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक बारीक रेघ जाते ना, ती हल्ली लोक चिकटपट्टीने काढतात. दाजी हाताने ओढायचे. लांब केसांचा बारीक ब्रश, करंगळी पत्र्याला टेकवलेली, आणि चालत चालत एका दमात रेघ पूर्ण. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातोडी खाली ठेवून तोंड उघडं टाकून बघत राहिलो होतो. "माशी जाईल आत," दाजी म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे वळले. गॅरेजात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे मास्तरच म्हणायचे.

खोकला नक्की कधी सुरू झाला, ते आता आठवत नाही. आधी रंगाच्या वासाने झाला असेल म्हणून सोडून दिलं. मग लक्षात आलं, की सुट्टीच्या दिवशी माणूस ठणठणीत असतो आणि कामाच्या दिवशी दुपारनंतर छातीतून शिट्टी वाजते. जिना चढून घरी गेले की दारातच पाच मिनिटं बसायचे. ताई विचारायची, "काय होतंय?" तर म्हणायचे, "काही नाही, चपला काढतोय." पाच मिनिटं चपला काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी गेल्या वर्षी एकदा ओठ निळे पडले, तेव्हा ताईने त्यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी दमा सांगितला. म्हणाले, रंग कडक व्हावा म्हणून तुम्ही त्यात जे हार्डनर घालता, त्याचा हा प्रताप दिसतोय, शक्य असेल तर काम बदला, नाहीतर निदान चांगला मास्क लावा. आणि दोन पंप दिले. एक तपकिरी, एक निळा. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा. छातीच्या आतली सूज उतरवायचं काम त्याचं. निळा फक्त दम लागला तर. आणि निळा आठवड्यातून दोन-तीनदापेक्षा जास्त लागायला लागला, तर समजायचं काहीतरी बिघडतंय, आणि परत यायचं. सरळ सांगितलं होतं हो. ताईने तर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं.

आता दाजींची अडचण अशी, की आयुष्यभर हातात स्प्रेगन. पंप हातात आला तर ते त्याच्याशी गनसारखेच वागणार. आधी एक फवारा हवेत मारायचे, धार बरोबर येते का बघायला. मग तोंड उघडून चार बोटं लांब धरायचे, कारण जवळून मारलं तर रंग ओघळतो. आणि एकदम न मारता फस, फस, फस, असे तीन पातळ हात. मला ते बघून हसू यायचं. "दाजी, मधे पॉलिश पेपर मारणार का?" मी विचारायचो. तेही हसायचे. औषध अर्धं मिशीवर, अर्धं हवेत. आत किती जात होतं, कोण जाणे. परत डॉक्टरकडे जाऊन, बाबा, मी घेतोय ते बरोबर आहे का, असं विचारावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. घरी ताईसमोर घ्यायचे तेव्हा तिला तरी काय कळणार!

तपकिरी पंप नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी मला म्हणाले, "ह्याने काही होत नाही रे. घेतला काय, न घेतला काय, सारखंच." निळ्याचं तसं नव्हतं. निळा मारला की पाच मिनिटांत छाती मोकळी. डोळ्यांत जीव यायचा. मग माणूस कशाला विश्वास ठेवणार? तपकिरी गेला फळीवर थिनरच्या डब्यांमागे. "कामावरच घेतो," असं सांगायचे, म्हणून ताईला वाटायचं रोज घेतात. रोज सकाळी डब्याबरोबर तो पंप ती आठवणीने पिशवीत घालायची आणि संध्याकाळी पिशवीतून काढून जागेवर ठेवायची. दाजी तो येताना फळीवरून उचलून आणायचे. हे सगळं मला माहीत होतं.

आणि निळे पंप आणून कोण द्यायचं? मीच. कोपऱ्यावरच्या दुकानात मी रोजचा माणूस, तिथली औषधवाली कागद मागायची नाही. पहिल्यांदा महिन्याला एक आणला. मग तीन आठवड्यांना. मग असं व्हायला लागलं, की पंधरा दिवसांतच दाजी फळीवर हात घालून निळा पंप हलवून बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. तोंडाने मागायचेसुद्धा नाहीत. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन घेऊन यायचो. मला तेव्हा वाटायचं, मी मेव्हण्याच्या नात्याला जागतोय. आता वाटतं, माझ्यासारखा बिनडोक माणूस शोधून सापडायचा नाही.

या वर्षी शाळा उघडायच्या आधी सात व्हॅन आल्या. एकाच शाळेच्या, सगळ्या पिवळ्या करायच्या, आणि बाजूने दोन काळ्या रेघा. मुख्याध्यापकबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी कुठेतरी दाजींनी मारलेली रेघ पाहिली होती, म्हणाल्या, चिकटपट्टी नको, मास्तरांच्या हातचीच हवी. दाजींनी दहा दिवसांत सातही गाड्या पिवळ्या केल्या. रंगाच्या खोलीतून बाहेर यायचे तेव्हा भिंतीला हात लावून उभे राहायचे, मान खाली, खांदे वर-खाली. मग निळा पंप. मग पुन्हा आत. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

बुधवारी रेघांचं काम काढलं. पहिल्या व्हॅनजवळ दाजी ब्रश घेऊन बसले आणि बराच वेळ नुसते बसूनच राहिले. मी आपला दुसऱ्या एका गाडीच्या मडगार्डवर ठोकत होतो. आवाज थांबवून बघितलं तर त्यांचा हात थरथरत होता. थोडा नाही, चांगला. ब्रशचं टोक पत्र्यावर नाचत होतं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. एक रेघ ओढली, ती अशी आली की पहिलीच्या पोरानेही बरी काढली असती. थिनरच्या फडक्याने पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. चार वाजेपर्यंत हेच चाललं होतं.

"छातीपण धडधडतेय," ते म्हणाले. "वय झालं रे माझं."

बावन्न वर्षांचा माणूस! दाजींच्या दम्याने मला कधी इतकं घाबरवलं नव्हतं, जितकं त्या वाकड्या रेघेने घाबरवलं. दमा काय, पंप होता. पण हात गेला म्हणजे मास्तर संपले, असंच माझ्या मनाने घेतलं.

आणि मला उपाय माहीत होता ना! तोच तर घोळ. माझे स्वतःचे हात दोन वर्षांपूर्वी असेच थरथरायला लागले होते. कप उचलला की चहा बशीत. आमच्या वडिलांचेही थरथरायचे. मला एका डॉक्टरांनी एक छोटी गोळी लावून दिली, रोज सकाळी एक, आणि आठ दिवसांत माझे हात असे स्थिर झाले, की हातोडी पुन्हा मी म्हणेन तिथे पडायला लागली. ती गोळी माझ्या हत्यारांच्या खणात असायची. त्याच बुधवारी सकाळी मी नवं पाकीट फोडलं होतं, दहाचं.

गुरुवारी जेवण झाल्यावर मी एक गोळी काढून दाजींच्या हातावर ठेवली. "घ्या. माझे थांबले, तुमचेही थांबतील."

"डॉक्टरला विचारायला नको का?" ते म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? मी दोन वर्षं खातोय, मेलो का?"

त्यांनी गोळी घेतली. तास-दीड तासाने ब्रश उचलला, करंगळी टेकवली, आणि काय सांगू, हात थांबला होता! पूर्ण नाही, पण कामापुरता. संध्याकाळपर्यंत दोन व्हॅनच्या चारही रेघा झाल्या. मी एवढा खूश झालो, की टायरवाल्यालाही बोलावून दाखवल्या. दाजी मात्र मधूनमधून छाती चोळत होते. पंप मारला तरी म्हणावं तसं मोकळं वाटत नाही, म्हणाले. मी म्हटलं, "दिवसभर वाकून बसलात, दुसरं काय." डोक्यात हवा गेलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघून म्हणत असतील.

शुक्रवारी सकाळी आल्या आल्या दुसरी गोळी दिली आणि पाकीट खिशातच टाकलं.

साधारण अकरा वाजता हातोडीच्या आवाजातून मला काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. दाजी तिसऱ्या व्हॅनच्या मागच्या चाकाशी बसले होते, पाय पसरून. ब्रश जमिनीवर. पंप तोंडाला लावलेला, आणि दाबतायत, दाबतायत. मानेच्या शिरा ताणलेल्या, गळ्याखाली खड्डा पडत होता. मी धावलो. "काय होतंय दाजी?" त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, तर एक एक शब्द वेगळा यायचा. "लाग... त... नाही." पंप लागत नाही. मी माझ्या हाताने आणखी दाबला. काहीच फरक नाही. दुसरा नवा पंप फळीवरून आणला, तोही तसाच. बावीस वर्षांत कुठलाही पत्रा मी हातोडीने सरळ केला, पण त्या वेळी हातात काय घ्यावं, तेच कळेना.

टायरवाल्याने त्याची गाडी काढली. एरवी शिव्या देणारा माणूस, पण त्या दिवशी सिग्नल न बघता त्याने आम्हाला दवाखान्यात पोचवलं. ताईला मी वाटेतच फोन केला. ती जवळच शिवणकामाच्या दुकानात असते. आमच्यामागून पाचच मिनिटांत पोचली, गळ्यात मोजायची फीत तशीच लोंबत होती.

आत त्यांना लगेच मास्क लावला, ऑक्सिजन सुरू केला, आणि मास्कमधून औषधाची वाफ द्यायला लागले. तरणीताठी डॉक्टरबाई होती, बारीक आवाजाची, पण हालचाल अशी की वेळ वाया नाही. एक वाफ झाली. दुसरी झाली. दाजींची छाती तशीच ओढत होती. डोळे माझ्याकडे आणि ताईकडे आळीपाळीने बघत होते. त्या डोळ्यांत भीती होती. माझ्या दाजींना घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरबाई मागे वळल्या. "दोन वेळा वाफ दिली, उतार पडायला हवा होता. पडत नाहीये. घरी काय काय औषधं चालू आहेत यांची?"

"दोन पंप," ताई म्हणाली. "तपकिरी रोज घेतात. निळा क्वचित. एक निळा चार-चार महिने जातो."

"आणखी काही? बीपीची गोळी? हृदयाची? डोकेदुखीची, अंगदुखीची? डोळ्यांत घालायचे थेंब? काहीही?"

"नाही. दुसरं काही नाही," ताई ठामपणे म्हणाली. तिला खात्री होती बिचारीला. आपल्या नवऱ्याचं आपल्याला सगळं माहीत आहे असं तिला वाटत होतं.

मी भिंतीशी उभा होतो. आणि त्या क्षणी मला काय आठवलं सांगू? दोन वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरांनी ती गोळी लिहून देण्याआधी पेन थांबवून मला विचारलं होतं, "तुम्हाला दम्याचा त्रास नाही ना?" मी म्हणालो होतो, "छे हो, घोडा आहे घोडा." ते हसले होते आणि त्यांनी लिहून दिली होती. मला विचारलं होतं! माझ्या तोंडावर विचारलं होतं, आणि दाजींच्या हातावर गोळी ठेवताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार दाजींचा आला नाही. पहिला विचार आला, की ताई इथे उभी आहे. आधी तिला बाहेर पाठवावं, मग हळूच डॉक्टरबाईंना सांगावं. घड्याळात बघितलं असतं तर अर्धं मिनिटही झालं नसेल. पण दाजी तिकडे एकेका श्वासासाठी झगडत होते आणि मी इकडे माझं तोंड कसं वाचेल ते बघत होतो. त्या अर्ध्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

"गोळी दिली मी," मी म्हणालो. खिशातून पाकीट काढलं. "थरथर थांबवायची. काल एक, आज सकाळी एक. आणि निळा पंप चार महिने जात नाही. पंधरा दिवस जातो. मीच आणून देतो. तपकिरी वर्षभर घेतलेला नाही."

डॉक्टरबाईंनी पाकीट हिसकावूनच घेतलं. नाव वाचलं आणि नर्सला भराभर काहीतरी सांगायला लागल्या. मास्कमधलं औषध वाढवलं, त्यात दुसरं एक घातलं, शिरेतून सुई दिली, मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. कामाच्या धांदलीतच मला म्हणाल्या, "पंपातलं औषध छातीत ज्या जागी जाऊन काम करतं ना, ही गोळी तीच जागा अडवून बसते. वर श्वासनळ्याही आवळते. दम्याच्या माणसाला ही द्यायची नसते. आता बाहेर थांबा."

मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने गळ्यातली फीत काढली, तिची घट्ट गुंडाळी केली, पर्समध्ये टाकली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी शेजारी बसायला गेलो तर उठून दुसऱ्या टोकाला गेली.

दाजींना अतिदक्षता विभागात हलवलं. तीन तासांनी त्यांना थोडा उतार पडला, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी ते एक पूर्ण वाक्य बोलले, आणि ते वाक्य काय, तर "व्हॅन राहिल्या." चौथ्या दिवशी साध्या वॉर्डात आणलं. तोपर्यंत आमचा जीव टांगणीला होता, आणि त्या चार दिवसांत ताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. डबा आणायचा मी, न बघता घ्यायची ती. बोलली असती, चार मुस्काटात मारल्या असत्या, तर बरं झालं असतं.

वॉर्डात डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांनाही समोर बसवलं, शाळेत बसवतात तसं. दाजींना पंप घ्यायला सांगितला. दाजींनी सवयीने एक फवारा हवेत मारला आणि चार बोटांवरून सुरू केलं. डॉक्टरबाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. एक प्लॅस्टिकचं नळकांडं आणलं, पंप त्याच्या एका टोकाला लावला. पंप हलवा, आधी श्वास सोडा, नळकांड्याचं तोंड ओठांत घट्ट धरा, एकदाच दाबा, सावकाश आत ओढा, दहापर्यंत धरून ठेवा. दुसरा फवारा थोडं थांबून. तपकिरी घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंड येतं. दाजींनी पाच वेळा करून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

"आणि हाताची थरथर," त्या म्हणाल्या, "ती कुठल्या आजाराची नव्हती. निळा पंप असा पाण्यासारखा घेतला की हात कापतात, छाती धडधडते. पंपाचाच तो त्रास. तपकिरी नेमाने घेतला असता, तर निळा एवढा लागला नसता आणि हात कापलेही नसते."

म्हणजे मी एका औषधाच्या जाचावर दुसरं औषध दिलं होतं. तेही माझं. मला वाटलं, उठावं आणि खिडकीच्या गजावर डोकं आपटावं. दाजी आपल्या हाताकडे बघत होते. उजवा हात चादरीवर ठेवला होता, सुई लावलेला, आणि तो अगदी शांत होता.

"अजून एक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुन्हा असा दम लागला आणि पंपाने उतार पडला नाही, किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर दाबत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं. पंप चालू ठेवायचा तो वाटेत. आणि त्या हार्डनरच्या रंगाजवळ आता पुन्हा जायचं नाही. मास्क लावूनसुद्धा नाही. एकदा शरीराने त्याचा डूख धरला की थोडासाही पुरतो."

बावीस वर्षांचं काम तिथे एका वाक्यात संपलं. मला रडू आवरेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. जाताना डॉक्टरबाईंनी माझं पाकीट परत दिलं. चार दिवस ते दाजींच्या कागदांना टाचून ठेवलेलं होतं. "तुमचं औषध तुमच्यासाठी चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते फक्त तुमचं."

दुपारी ताई घरी आंघोळीला गेली, तेव्हा दाजींनी मला जवळ बोलावलं. आवाज अजून घोगरा होता. "ऐक. तुला एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी तू यायच्या आधी मी तुझ्या खणातून आणखी दोन गोळ्या घेतल्या होत्या. म्हटलं, दिवसात तीन व्हॅन उरकतील. तेव्हा तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. एकेका गोळीने काही झालं नसतं. मी माझ्या हाताने केलं."

मी काय सांगू! चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणी उचलल्यासारखं झालं. म्हणजे मी एकटा नव्हतो तर. त्यांनीही आगाऊपणा केला होता. मी त्यांच्यावर रागावलोसुद्धा! "काय दाजी तुम्ही पण! विचारायचं तरी!" ते नुसते हसले आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर बाकावर येऊन बसलो. खिशात हात गेला, पाकीट लागलं. बुधवारी फोडलेलं. बुधवारची माझी एक. गुरुवारी माझी एक, दाजींची एक. शुक्रवारी माझी एक, दाजींची एक. त्यानंतर पाकीट डॉक्टरबाईंकडेच होतं. पाच गेल्या. दोन त्यांनी आणखी घेतल्या असतील तर तीन उरायला हव्यात. मी पाकीट उलटं केलं. पाच होत्या. पुन्हा मोजल्या, बोटाने दाबून दाबून. पाच.

माझ्यासाठी तो माणूस खोटं बोलला होता. नाकात ऑक्सिजनची नळी असताना.

तेवढ्यात ताई आली. ओले केस, हातात थर्मास. आणि माझ्या शेजारी बसली, टेकून. "ते मला सकाळीच बोलले," ती म्हणाली. "दोन गोळ्या त्यांनीच जास्तीच्या घेतल्या. मी उगाच तुझ्यावर... लहानपणापासून तुला मी सांभाळलंय रे, आणि चार दिवस तुझं तोंड बघावंसं वाटत नव्हतं मला." तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं होतं. दाजींना हवं होतं तसंच झालं असतं. ताईला तिचा भाऊ परत मिळाला असता, मला माझी बहीण. पण ती पुन्हा चुकीच्या हिशोबावर विसंबून राहिली असती. चार-चार महिने जाणाऱ्या निळ्या पंपावर विसंबली होती, तशीच. डॉक्टरबाईंना उत्तर देतानाचा तिचा तो ठाम आवाज माझ्या कानातून जात नव्हता.

मी चहा खाली ठेवला आणि पाकीट तिच्या हातात दिलं. "मोज," म्हणालो. आणि कुठल्या दिवशी कोणी किती घेतल्या, ते सांगितलं.

तिने मोजल्या. शिवणकाम करणारी बाई ती, तिचं माप चुकत नाही. आधी पाकिटाकडे बघितलं, मग वॉर्डाच्या दाराकडे, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती अशी काही संतापली होती, की मला वाटलं, आता बसतेय एक. बसलीही, पाठीत, चांगली सणसणीत.

"एक न विचारता विष देतो, दुसरा ते आपल्या अंगावर घेतो," ती रडत रडत म्हणाली. "तुम्ही दोघं मिळून मला मारणार आहात एक दिवस."

मग तिने पाकीट पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन लावली आणि म्हणाली, "उद्यापासून तुझी गोळी रोज सकाळी माझ्याकडून घेऊन जायची." आणि पदराने डोळे पुसून दाजींना जाब विचारायला आत गेली.